किल्ल्याशेजारी एक फळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती गावाला गेले, पितृपक्ष सुरू झाला. नवरात्र संपलं की बेळगावात गल्लोगल्ली पोरं माती, दगड आणि गोणपाट गोळा करायला लागतील. किल्ला स्पर्धांचे नियम मंडळांच्या बैठकीत ठरतात ते याच दिवसांत, म्हणून हे पत्र आत्ताच धाडते आहे. दिवाळी तोंडावर आल्यावर लिहून उपयोग नाही.

माझं मागणं एका फळीपुरतं आहे. ते नीट कळावं म्हणून थोडं मागचं सांगते.

गेल्या दिवाळीत माझ्या नातवानं आमच्या वडगावच्या अंगणात राजहंसगड केला. येळ्ळूरला दोनदा जाऊन तट बघून आला होता. जांभ्या दगडाचे तुकडे रचून बुरूज केले, उतारावर मोहरी आणि अळीव पेरून हिरवळ उगवली. वर गणपत गल्लीतून आणलेले मावळे उभे केले. आणि किल्ल्यापासून चार हात लांब, दोन विटांवर टेकवलेल्या एका फळीवर त्याचं दुसरं सैन्य मांडलं. ते सैन्य कुठल्याही इतिहासातलं नाही. झाडांचे योद्धे आहेत ते. अंग खोडाचं, हाताच्या जागी फांद्या, डोक्यावर पालवी. असे तीस जण.

परीक्षक आले. त्यांतल्या एकांनी फळीकडे बोट केलं आणि म्हणाले, ही भुतं आधी आत न्या, नाहीतर किल्ला धरणार नाही. नातवानं काही न बोलता फळी उचलली आणि माजघरात आणून ठेवली. त्या संध्याकाळी तो फटाक्यांनाही बाहेर पडला नाही.

नंबर आला नाही याचं मला काही वाटत नाही. ज्यांचा आला त्यांचा प्रतापगड खरोखर देखणा होता, मी स्वतः जाऊन पाहिला. मला लागलं ते वेगळंच. किल्ल्यावरचे मावळे विकतचे होते, त्यांच्या रंगाला पोरानं हातही लावला नव्हता. ते तीस योद्धे रंगवायला त्याला आठ महिने लागले होते. विकतच्या रंगाला अंगणात मान मिळाला आणि हाताच्या रंगाला आत जावं लागलं.

रंगाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानते. माझं वय 66. आमच्या घरी दोन माग होते आणि सूत रंगवायचं काम 27 वर्षं मी केलं. वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या साड्यांचं रेशीम आमच्या परसात रंगायचं. आधी साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात रेशमाचा डिंक काढायचा, मग लड्या बांबूच्या काठ्यांवर टाकून रंगाच्या हंड्यात फिरवत राहायचं. सावकार नमुन्याचा एक बोटभर तुकडा देऊन जायचे आणि आठ लड्या त्या तुकड्याशी जुळवून द्याव्या लागायच्या. एक लडी जरी अर्ध्या छटेनं चुकली तर साडीत पट्टा दिसतो आणि साडी परत येते. आमच्या तोंडी रंगांची नावं असायची ती अशी: आंबा, लिंबू, डाळिंबी, अंजिरी, वांगी, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, गुलबक्षी, केतकी, शेवाळी, पोपटी. यातलं निम्मं झाडावरून आलंय, निम्मं बाजारातल्या टोपलीतून.

माग बंद पडले, त्याला आता बरीच वर्षं झाली. रंगाचे हंडे आता पाणी तापवायला आहेत. नातवानं पहिल्यांदा ते छोटे पुतळे आणि रंगाच्या बाटल्या घेऊन माजघरात ठाण मांडलं, तेव्हा मी काही दिवस नुसती शेजारी बसून बघत होते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा टेबलावर खेळायचा लढाईचा खेळ आहे. फासे टाकायचे, टेपनं इंचात अंतर मोजायचं आणि सैन्य पुढे सरकवायचं. इंग्लंडमधली गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी 1975 साली निघाली, तिचा वॉरहॅमर हा खेळ 1983 साली आला आणि त्याचं एज ऑफ सिग्मार हे रूप 2015 पासून चालू आहे. त्यातल्या या झाडांच्या सैन्याचं नाव सिल्व्हानेथ. माणसाएवढा योद्धा म्हणजे 28 ते 32 मिलिमीटर, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. पेटीत पुतळे नसतात. करड्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, मुंडकी असतात. ती कापायची, साच्याची रेघ पात्यानं खरवडायची, प्लास्टिक चिकटवायच्या गोंदानं जोडायची आणि मग रंगवायचं. रंग ज्याचा त्यानं द्यायचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त काम विकत घेणाऱ्यालाच करायचं असतं, आणि मला हा प्रकार आवडला तो इथेच. पेट्या महाग आहेत. नातू आणि त्याचे पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) तीन मित्र पैसे एकत्र करून घेतात, जुनेही घेतात. जुने आणले की आदल्या मालकाचा रंग उतरवायचा. त्या वेळी मला माझ्या फिक्या पडलेल्या लड्या आठवतात, त्याही आम्ही रंग उतरवून परत रंगवत असू.

या झाडांच्या सैन्याला ऋतूंप्रमाणे रंगवायची जगभर रीत आहे. कुणाची तुकडी वसंताची, कुणाची पानगळीची. माझ्या नातवानंही ठरवलं की चार तुकड्या, चार ऋतू. पहिली केली हिवाळ्याची. खोड पांढरंफट्ट, पानं निळसर, पायाखाली बर्फ. बर्फासाठी सोडा आणि फेव्हिकॉल कालवून लावलं होतं. काम सुबक होतं, पण मला ते बघून कसंतरी झालं. मी विचारलं, "बाळा, तू बर्फ कुठे बघितलास?"

"असंच रंगवत्यात की आज्जी सगळे."

"तू कुठे बघितलास ते सांग."

तो गप्प बसला. मी त्याला म्हटलं, मला सावकारानं नमुना दिल्याशिवाय मी कधी हंडा चढवला नाही. नमुना डोळ्यांसमोर पाहिजे. तुझा नमुना कुठला?

माझं म्हणणं त्याला पटायला महिना गेला. त्या महिन्यात आम्ही दोघांनी खूप भांडण केलं, खरं तर तेच आमचं शिक्षण. त्याचं म्हणणं, हे काल्पनिक जग आहे, त्यात बर्फ असू शकतो. माझं म्हणणं, काल्पनिक आहे म्हणूनच तुझी जबाबदारी जास्त. मावळ्याला जांभळं धोतर नेसवता येत नाही, तिथे इतिहास हात धरतो. या झाडाला तू कुठलाही रंग दे, कोणी चूक म्हणणार नाही. मग तो रंग खरा वाटायला काहीतरी आधार लागतोच, आणि ऋतूएवढा पक्का आधार दुसरा कुठला? पण ऋतू आपला पाहिजे. चार ऋतू त्यांचे. आपले सहा.

शेवटी चैत्रात आम्ही एसटीनं खानापूरला माझ्या माहेरी गेलो आणि तिथून जांबोटीच्या रस्त्याला. रस्त्याकडेच्या एका कोशिंबाच्या झाडाखाली त्याला उभं केलं आणि म्हटलं, सांग, वसंताचा रंग कुठला? झाड अख्खं तांबडं होतं. फुलं नव्हेत, कोवळी पानंच तांबडी. ऊन पलीकडून येत होतं आणि पानं दिव्यासारखी पेटली होती. चित्रांत वसंत पोपटी असतो. आमच्या घाटमाथ्यावर वसंत आधी तांबडा होतो, मग तांब्यासारखा, आणि मग हिरवा. तिथून पुढे झुडपांत अंजनी फुलली होती. तिचा निळा काडीला चिकटून बसतो, जणू कोणी ब्रशच्या टोकानं ठिपके दिलेत. नातवानं मोबाइलवर फोटो काढले. मी त्याला फोटोवर भरवसा ठेवू नको म्हटलं आणि एक तांबडं पान वहीत दाबून घेतलं. पान सुकून काळं पडलं, पण तोवर त्यानं रंग मिसळून घेतला होता. त्या बाटलीवर त्यानं 'चिगुरु' असं लिहिलं. कोवळ्या पालवीला कन्नडमध्ये चिगुरु म्हणतात, हा शब्द त्याच्या मित्राच्या आईनं दिला. ती माउली आमच्या शेजारीच राहते. तिच्या माहेरीही माग होते. मराठीत त्या रंगाला एका शब्दात इतकं नेमकं काही मला सुचलं नाही, म्हणून आम्ही तोच ठेवला.

वर्षा ऋतूची तुकडी मात्र मी डोळे मिटून सांगू शकले. माझं बालपण पावसाळ्यात इरल्याखाली गेलंय. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं यांचं इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, आणि रोपं लावायला वाकलेल्या बायका दुरून बघितल्या तर खरोखर चालती झाडं वाटतात. नातवाला हे सांगितलं तेव्हा त्यानं पाच योद्ध्यांच्या पाठीवर झाडाची सालपटं होती ती इरल्यासारखी रंगवली. ओल्या सुक्या पानांचा तपकिरी, कडांना कामटीचा पिवळट रंग. खोडाला काळपट शेवाळी. आणि सगळं झाल्यावर खोडाच्या एका अंगाला चकाकणारं व्हार्निश, नुकतंच पाणी ओघळून गेल्यासारखं. एका अंगालाच, कारण पाऊस पश्चिमेकडून येतो आणि झाडाची तीच बाजू जास्त भिजते. ही गोष्ट त्यानं स्वतः शोधली, आमच्या गच्चीतल्या शेवग्याकडे बघून. मी नाही सांगितली. त्या दिवशी मला वाटलं की हा आता रंगारी झाला.

ग्रीष्म त्याला सोपा गेला. कॅम्पातले गुलमोहर आणि खानापूरची तांबडी धूळ. हेमंतासाठी उसाचा तुरा घेतला, तो चांदीसारखा दिसतो पण चांदीचा रंग लावला तर खोटा वाटतो. राखाडीत चिमूटभर जांभळा आणि वर हाडासारखा पांढरट ओढला की जमतो. शिशिरासाठी आम्ही निपाणीकडचा तंबाखू आठवला, रानात वाळत पडलेली पानं. बर्फाची तुकडी त्यानं रंग उतरवून तंबाखूच्या रंगात परत केली. मी सांगितलं नव्हतं.

आता सहा तुकड्या सहा रंगांच्या झाल्या तर ते एक सैन्य कसं दिसणार, हा प्रश्न आला. त्याचे मित्र म्हणाले, ही सहा वेगळ्या गावांची जत्रा दिसते. या प्रश्नाचं उत्तर मागावर शंभर वर्षं आहे. साडीचं अंग कुठल्याही रंगाचं असू दे, काठ ठरलेला. अंग मोरपंखी असो की लिंबू, काठ डाळिंबी असला की एका घरच्या साड्या ओळखू येतात. तसा आम्ही सैन्याला काठ लावला. प्रत्येक योद्ध्याच्या कमरेची वेल आणि शस्त्राची मूठ डाळिंबी, आणि खोडाचा तळचा करडा सगळ्यांचा एक. बाकी अंग ज्याच्या त्याच्या ऋतूचं. फळीवर तीस जण उभे केले आणि दारातून पाहिलं तर एक वस्त्र दिसलं. नातू म्हणाला, इंटरनेटवर लोक यावर तास-तास बोलत्यात आणि तू काठ म्हणून मोकळी झालीस.

रंगायच्या कृतीबद्दल थोडं लिहिते, कारण हे वाचून कुणी आपल्या पोरांना मावळे रंगवायला बसवलं तर उपयोगी पडेल. जाड रंगाचा एक हात देऊ नये, पातळ रंगाचे दोन द्यावेत, नाहीतर नाकडोळे बुजतात. मग पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडायचा, त्याला पोरं वॉश म्हणतात. तो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिक्या रंगात बुडवून फडक्याला पुसायचा आणि वरवर फिरवायचा, म्हणजे उंचवट्यांवर ऊन पडल्यासारखं दिसतं. आमच्याकडे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव विणतात, त्याच्यासारखाच हा खेळ आहे. ब्रश महागाचा लागत नाही, गोल शून्य नंबरचा कॅमलचा पुरतो. रंगही फेव्हिक्रिलचे चालतात, फक्त पाणी जास्त घालावं लागतं. एक गोष्ट मला नव्यानं शिकावी लागली. सूत ओलं असताना गडद दिसतं आणि वाळल्यावर फिकं होतं. हे ॲक्रिलिक रंग उलटे, ओले असताना फिके आणि वाळल्यावर गडद. पहिले काही दिवस माझा प्रत्येक अंदाज त्यामुळे चुकत होता.

आषाढात फवाऱ्याचा रंग मारू नका. नातवानं तो पुतळ्यांना गच्चीवर मारला, पाऊस थांबला होता पण हवेत दमट होतं. सगळ्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, आमच्याकडे पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे वाळत नाही. तेव्हा त्या दिवसांत तळचा हात ब्रशनंच द्यावा. आणि रंग दिव्याखाली जुळवू नका. रात्री ट्यूबलाइटखाली जुळलेली लडी सकाळी उन्हात वेगळी निघते, हे मी सत्तावीस वर्षं बघितलंय. दुपारी दारात बसून जुळवा.

इथे एक खासगी गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटली त्या दिवशी मी घरातला निळा रंग बघून रडले. कितीतरी वर्षं मला निळा मळकट दिसत होता आणि मला ते कळलंच नव्हतं, मी रंगाच्या कारखान्यांना दोष देत होते. चैत्रात ती अंजनी बघितली ती या नव्या डोळ्यांनी. पोरांच्या डोळ्यांत आज तो निळा स्वच्छ आहे. त्या वयात त्यांना बघायला लावलं पाहिजे, एवढ्यासाठीच माझी ही धडपड आहे.

पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीवर माती लावतात, तीही आम्ही आपलीच घेतली. खानापूरची तांबडी आणि बैलहोंगलकडची काळी. तव्यावर भाजून घ्यायची, म्हणजे किडे-बुरशी राहत नाही, मग जुन्या पातळातून वस्त्रगाळ करायची आणि फेव्हिकॉलवर भुरभुरायची. पानगळीसाठी वाळवलेला चहाचा चोथा. एका जिल्ह्यात दोन रंगांची माती आहे हे माझ्या नातवाला पुस्तकात माहीत होतं, पण बोटाला तेव्हा कळलं.

परक्या देशाचे पुतळे म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे की छोट्या वस्तूवर रंग चढवायची विद्या या भागाला नवी नाही. गोकाकची रंगवलेली लाकडी खेळणी आणि फळं आपल्या जिल्ह्याचीच. आंबोली घाट उतरला की सावंतवाडीची लाकडी खेळणी. शिवजयंतीच्या चित्ररथांवर आपल्याकडचे कलाकार रात्र-रात्र राबतात. खानापूरला मातीची भांडी होतात. पुतळा कुठून आला यापेक्षा त्याच्यावर कुणाच्या डोळ्यांनी रंग चढला हे मी बघते. माझ्या नातवाचे ते योद्धे इंग्लंडहून आले खरे, पण त्यांच्या अंगावरचा एकही रंग आता इंग्लंडचा नाही.

आणि जे मावळे आपण आपले म्हणतो, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. गणपत गल्लीत एकाच साच्याचे, एकाच फवाऱ्याखाली रंगलेले. सगळ्यांचा फेटा एक, सगळ्यांची कातडी एकाच गुलाबी रंगाची, डोळे कानाकडे सरकलेले. आषाढात डोंगर चढलेल्या माणसाच्या पायाला चिखल नको का? उन्हात राबलेल्याचा चेहरा तांबूस-काळा नको का? विकणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना हजारो करायचे असतात. पण त्यांच्याकडूनच न रंगवलेले कोरे मावळे मागवता येतील. प्लास्टरच्या मावळ्यावर आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात दिला तर तो रंग पिऊन टाकत नाही. शाडूच्यालाही तो द्यावाच, नाहीतर पाण्याचा रंग लावता लावता माती विरघळून नाक जातं. दहा मावळे एका रविवारात होतात.

तेव्हा किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. गडावर महाराजांचे मावळेच असावेत, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. गडावर झाडाचा योद्धा उभा केलेला मलाही चालणार नाही, आणि नातवानंही तो केला नव्हता. पण गुण देताना सैन्य पोरांनी स्वतः रंगवलं आहे का हे विचारा आणि त्याला वेगळे गुण ठेवा. आणि किल्ल्याशेजारी एक फळी मांडायला मोकळीक द्या. त्या फळीवर पोरांनी मनातलं सैन्य उभं करावं. कुणी झाडांचं करेल, कुणी मुंग्यांचं करेल. आमच्या त्या शेजारणीच्या मुलाला राणी चन्नम्माचं 1824 सालचं कित्तूरचं सैन्य करायचं आहे. ते इतिहासातलं आहे, तरी त्याला आजवर कुठल्या किल्ल्यावर जागा मिळालेली नाही. फळीवर मिळेल. परीक्षकांनी त्या फळीला नंबर दिला नाही तरी चालेल. फक्त आत न्या म्हणू नये, आणि हा रंग कुठे बघितलास असं पोराला एकदा विचारावं.

माझ्याकडे जुन्या नमुन्यांच्या लड्या अजून आहेत, एका ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. सव्वाशेच्या वर छटा असतील. ज्या पोरांना रंग जुळवायला नमुना हवा असेल त्यांनी आई-वडिलांना विचारून रविवारी दुपारी यावं. वडगावात जुन्या रंगारणीचं घर कुठलं विचारलं तर मागवाल्यांपैकी कुणीही दाखवील. येताना कोरा मावळा आणि ब्रश आणावा, रंग आमच्याकडे आहेत.

पत्र इथेच थांबवते. त्या तिसांनंतर हाती घेतलेली शरदाची तुकडी अजून अर्धी आहे. सोनकीचा पिवळा जमला, पोटरीतल्या भाताचा पोपटीही जमला, पण तेरड्याचा गुलाबी तीनदा मिसळूनही दर वेळी गुलबक्षीकडे झुकतो आहे. सड्यावरचा तेरडा आता फार दिवस राहायचा नाही, तेव्हा येत्या रविवारी पाऊस नसेल तर आम्ही दोघं पहाटेच्या गाडीनं जांबोटीला जातो आहोत.

आपली,
एक जुनी वाचक, रंगारीण
वडगाव, बेळगाव